अजून उघडतंय

मार्चअखेरीच्या धामधुमीत एक इमेल आला. अनोळखी नाव, जीमेलचा पत्ता, विषयाच्या जागी नुसतं ‘विनंती’. ‘मॅडम, मी आता त्या वर्कशॉपमध्ये नाही. दुसरीकडे लागलो आहे. पण तुमच्या कंपनीचं ड्रॉइंगचं फोल्डर माझ्याकडे अजून उघडतंय. कृपया माझं नाव काढावे.’ एवढंच. आमच्या आयटी विभागाकडे येणाऱ्या इमेलांचा सूर नेमका उलटा असतो. उघडत नाही, दिसत नाही, पासवर्ड घेत नाही, अर्जंट आहे, साहेब ओरडतायत. उघडतंय म्हणून तक्रार करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी नाव काढलं, मिनिटाचं काम. मग सवयीनं मागच्या नोंदी चाळल्या आणि तिथं अडकले. थोड्याच आठवड्यांपूर्वी आम्ही बाहेरच्या लोकांच्या ॲक्सेसचा रिव्ह्यू केला होता. शेअरपॉइंट ही मायक्रोसॉफ्टची फाईली ठेवायची ऑनलाइन जागा; तिथल्या प्रत्येक कप्प्याच्या, म्हणजे साइटच्या, मालकाकडे यादी गेली होती, आणि या मुलाचं नाव त्या यादीत होतं. नावासमोर ‘मंजूर’. कारणाच्या रकान्यात ‘ओके’.

मंजूर करणारे आमचे पर्चेसचे साहेब.

मी चाकणच्या एका कंपनीत आहे. गाड्यांसाठी पत्र्याचे पार्ट दाबून काढायचं काम. आमची ड्रॉइंग, दरपत्रकं, तपासणीचे रिपोर्ट, गिऱ्हाईक कंपन्यांकडून आलेल्या फाईली असं सगळं शेअरपॉइंटवर असतं. एक ब्रॅकेट तयार व्हायचा तर पत्रा एकीकडून येतो, पत्रा दाबायचा साचा, म्हणजे डाय, दुसरीकडे बनते, प्लेटिंग तिसरीकडे होतं, आणि प्रत्येकाला आपल्यापुरता कागद लागतो. म्हणून बाहेरची माणसं आत घ्यावीच लागतात. यादीत ती लगेच ओळखू येतात. त्यांच्या इमेलमधल्या ॲटच्या जागी खालची रेघ येते, पुढं दोन हॅशच्या मध्ये ‘ईएक्सटी’ अशी तीन अक्षरं, आणि मग आमच्या कंपनीचा पत्ता. बाहेरचा माणूस असा आमच्या नावाची शेपटी लावून आत बसलेला असतो. ती यादी वाचायला मला मनापासून आवडतं, हे ऑफिसात कुणाला सांगितलं तर हसतील. पण तयार झाल्याच्या तारखेनुसार ती लावली की कंपनीचा गेल्या काही वर्षांचा इतिहास समोर येतो. २०२०च्या एप्रिल, मे, जूनमध्ये नावांची नुसती झुंबड आहे. लॉकडाउनमध्ये आमची माणसं घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती, प्लांटचे प्रेस थंड पडले होते, आणि ज्याला ज्याला फोन लागेल त्याला फाईल शेअर केली जात होती. तेव्हा कुणी विचारलं नाही, मीही विचारायला सांगितलं नाही, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं असं आजही वाटतं. काम चालू राहिलं. पुढं एखाद्या वर्षी जर्मन पत्त्यांचा पुंजका दिसतो, ते आमचं एक्स्पोर्टचं फसलेलं स्वप्न. एक नाव आहे गिऱ्हाईक कंपनीतल्या क्वालिटीच्या बाईंचं. त्या आमच्या रिपोर्टमधल्या दशांश चिन्हांवरून भांडायच्या आणि दिवाळीला मेसेजही न चुकता करायच्या. त्यांचं खातं कधीच निष्प्राण झालंय, कारण त्यांनी नोकरी सोडली तशी त्यांच्या कंपनीनं त्यांचं खातं बंद केलं, आणि आमच्याकडे यायची वाट तिथूनच होती.

इथं एक गोम आहे. मोठ्या कंपनीचा माणूस आपल्या ऑफिसच्या खात्यानं आत येतो तेव्हा त्याच्या जाण्याची काळजी निम्मी त्याची कंपनीच घेते. तिकडं खातं गेलं की इकडं दार आपोआप लागतं. जीमेलला मात्र राजीनामा नसतो. माणूस नोकरी बदलेल, धंदा बदलेल, गावी जाईल; जीमेल त्याच्या खिशातल्या मोबाईलबरोबर तसाच जातो. आणि आमच्या सप्लायरांपैकी निम्मे भोसरी-तळवड्याच्या गल्ल्यांमधले. चार मशिनांचं वर्कशॉप, बाहेर रंग उडालेली पाटी, आत कूलंटचा आंबूस वास आणि कानठळ्या बसवणारी लेथ. त्यांना कुठला स्वतःचा मेल सर्व्हर! सगळ्या वर्कशॉपचा मिळून एक जीमेल असतो, मालकाच्या मुलानं कॉलेजात असताना काढलेला, आणि त्याचा पासवर्ड मालकाला सोडून बाकी सगळ्यांना पाठ असतो. फाईल उघडायला इमेलवर कोड येतो. मालक आम्हाला फोन करतो, ‘ताई, कोड मागतंय.’ आम्ही सांगतो इमेल बघा. मग मालक मुलाला फोन करतो, मुलगा मीटिंगमध्ये असतो. आमच्या यादीत ते एक नाव असतं, प्रत्यक्षात ते आख्खं वर्कशॉप असतं, त्यातून सोडून गेलेला सुपरवायझरही धरून.

बंद पडलेली वर्कशॉपं तर आणखी वेगळा घोर. एकाचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा इंटरनेट पत्ता, होतं, धंदा बसला, डोमेनचं नूतनीकरण कुणी केलं नाही, आणि मी सहज तपासलं तर ते नाव विकायला काढलेलं. ते कुणीही घ्यावं, त्या नावाची इमेल चालू करावी, आणि आमच्या दारात उभं राहून कोड मागावा. कोड इमानेइतबारे नव्या मालकाकडे जाईल. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा सगळे एकदम गप्प झाले आणि मग कुणीतरी समोशांची प्लेट पुढं सरकवली.

इमेल पाठवणाऱ्या त्या मुलाला मी फोन केला. आभार मानायला, आणि खरं सांगायचं तर कुतूहल म्हणून. त्याच्या मागं कुठल्यातरी शॉपफ्लोअरचा आवाज येत होता. तो म्हणाला, ‘मॅडम, नव्या कंपनीत जॉइन होताना कागदावर सही घेतात ना, जुन्या कंपनीचं काही माझ्याकडे नाही म्हणून. सही करायच्या आधी म्हटलं बघावं एकदा. तर सगळं उघडलं. ड्रॉइंगची रिव्हिजन सुद्धा नवीन, सुधारलेली.’ आधी त्यानं आमच्या पर्चेसमध्ये फोन करून सांगितलं होतं. तिथून ‘बघतो’ असं उत्तर मिळालं. मग आमचा आयटीचा पत्ता शोधून त्यानं लिहिलं. नव्या कंपनीचं नाव त्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण चाकण-भोसरीचं जग लहान आहे, ते नंतर कळलंच. आम्ही ज्या गिऱ्हाइकाला ब्रॅकेट देतो त्याच गिऱ्हाइकाकडे त्यांचाही दर गेलेला असतो.

आता गंमत बघा. रिव्ह्यूच्या यादीत प्रत्येक नावासमोर सिस्टिमही आपला सल्ला देते. गेल्या ३० दिवसांत माणूस आत येऊन गेला असेल तर ठेवा, नसेल तर काढा. या मुलानं प्रामाणिकपणे ‘अजून उघडतंय का’ हे पाहिलं, त्याची नोंद झाली, आणि त्या नोंदीच्या जोरावर सिस्टिमनं सल्ला दिला: ठेवा. याउलट आमचे ऑडिटर. ते वर्षातून एकदा येतात, आठवडाभर रात्रंदिवस फाईली उघडतात आणि पुढल्या वर्षापर्यंत गायब. त्यांच्यासमोर: काढा. सिस्टिमची काही चूक नाही म्हणा. तिला तारीख दिसते, नातं दिसत नाही. कोण कशासाठी आत आलं होतं आणि ते काम झालं का, हे फक्त ज्यानं बोलावलं त्याला ठाऊक. आणि ज्यानं बोलावलं तो बऱ्याचदा स्वतःच नोकरी सोडून गेलेला असतो. मग यादी जाते साइटच्या आजच्या मालकाकडे, ज्याला यातली निम्मी नावं पहिल्यांदा दिसत असतात. कारण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून लोक ‘ओके’ लिहितात. ‘रिक्वायर्ड’ लिहितात. एकानं नुसतं टिंब दिलं होतं.

मी पर्चेसच्या साहेबांकडे गेले. भांडायला नाही. साहेब भला माणूस. सप्लायरांच्या मुलांच्या ॲडमिशनसाठी स्वतः फोन करणारा. त्यांच्या केबिनमध्ये नमुन्याचे पार्ट सगळीकडे पसरलेले असतात, बसायचं तर खुर्चीवरचा एखादा ब्रॅकेट आधी उचलून ठेवावा लागतो. मी यादी समोर धरली. ते म्हणाले, ‘राहू द्या हो मॅडम. नाव काढलं की त्याला मेसेज जातो का?’ मी म्हटलं, नाही जात, पण उघडायला गेला की नाही म्हणतं. ‘तेच ते. उद्या त्यानं उघडलं आणि नाही म्हणालं, तर त्याला वाटणार आपली ऑर्डर गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या भोसरीत बातमी. मग मला आठ दिवस फोन. तुम्हाला येणार आहेत का ते फोन?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी इतके दिवस त्या ‘मंजूर’कडे आळस म्हणून बघत होते. त्यांच्या बाजूनं तो हिशेब होता. कुणाला आत घेताना आपण मोठे होतो, काढताना वाईट होतो, आणि काढल्याबद्दल पर्चेसला आजवर कुणी शाबासकी दिलेली नाही.

तरी मन राजी होईना. साहेबांचं खरं होतं आणि तो मुलगा स्पर्धकाकडे बसून आमची नवी रिव्हिजन उघडू शकत होता, हेही खरं होतं. त्यानं तिचा गैरफायदा घेतला नाही हा त्याचा चांगुलपणा. आमच्या व्यवस्थेचं त्यात काडीचं श्रेय नाही.

घरी जाताना तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये वडिलांचं दप्तर आठवलं. ते तहसील कचेरीत कारकून होते. लहानपणी सुटीत मी त्यांच्याबरोबर जायचे आणि रेकॉर्डरूमच्या दारात बसायचे. जुन्या कागदाचा, खळीचा आणि उंदरांच्या औषधाचा मिळून एक वास यायचा, तो अजून नाकात आहे. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत. वडील सहा गठ्ठे पद्धतीचे कट्टर भक्त. चालू कामाचा गठ्ठा वेगळा, उत्तराची वाट बघणाऱ्यांचा वेगळा, आणि शेवटचा सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. प्रकरण निकाली निघालं की त्याच वेळी त्यावर वर्ग पडायचा. अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षं, ड म्हणजे वर्षभरानं नाश. कागद कधी मरणार हे तो बंद होतानाच ठरायचं, ज्याला त्याची माहिती आहे त्याच्याच हातानं. दहा वर्षांनी नव्या कारकुनापुढं ढीग टाकून ‘यातलं काय ठेवू?’ असं विचारण्याचा प्रकार नव्हता. निदान नियमात तरी नव्हता; ढीग अर्थातच होते, त्यावर धूळही होती. बाहेर दिलेल्या फाईलची नोंदवहीत सही असायची, आणि फाईल परत आली की वडील लाल शाईनं ती ओळ मारायचे. ओळ मारताना पट्टी वापरायचे. मला तेव्हा तो निव्वळ किरकिरेपणा वाटायचा.

फरक एवढाच, की वडिलांची फाईल एका वेळी एकाच माणसाकडे असायची. आमची एका लिंकवर गावभर फिरते. गेस्टांची, म्हणजे आत घेतलेल्या बाहेरच्यांची, यादी निदान डोळ्यांना दिसते तरी. लिंकांचं तसं नाही. ‘ज्याच्याकडे लिंक त्याला उघडेल’ असा एक प्रकार असतो. शेअरपॉइंट नवं घेतलं की मूळ सेटिंग तिथंच, सगळ्यांत सैल टोकाला असतं. त्यात नाव लागत नाही, कोड लागत नाही. ती लिंक आमच्या इंजिनिअरनं सप्लायरला व्हॉट्सॲपवर टाकायची, त्यानं ती टूलरूमच्या ग्रुपवर टाकायची, तिथून पुढं देव जाणे. नोंदीत दिसतं काय, तर कुणीतरी निनावी येऊन फाईल बघून गेलं. म्हणजे गेस्टांची यादी घासूनपुसून स्वच्छ केली आणि रिव्ह्यू पूर्ण असा शेरा मारला, तरी हे लोक त्या यादीत कधी नव्हतेच. वर आणखी मजा म्हणजे घाबरून सगळं बाहेरचं शेअरिंग बंद केलं आणि महिन्यानं कामं अडली म्हणून पुन्हा चालू केलं, तर जुन्यांना त्यांचा ॲक्सेस होता तसा परत मिळतो. त्यांना काढलेलं नसतंच, थांबवलेलं असतं. हे ठाऊक नसलेले ॲडमिन मी पाहिलेत, आणि बंद केल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधानही पाहिलंय.

आणि हा गोंधळ आमच्यासारख्या चाकणच्या कंपनीचाच आहे असंही नाही. २०२३च्या सप्टेंबरमध्ये विझ या सुरक्षा कंपनीनं जाहीर केलं, की खुद्द मायक्रोसॉफ्टच्या एआय संशोधकांनी गिटहब या प्रोग्रामरांच्या कोड ठेवायच्या साइटवर एक लिंक ठेवली होती. ते शेअरपॉइंट नव्हे, अझूर या मायक्रोसॉफ्टच्याच क्लाउडचं स्टोरेज; पण रोग तोच. लोकांना काही मॉडेलं उतरवून घेता यावीत एवढाच हेतू. लिंक मात्र सबंध स्टोरेज खात्याची निघाली. ३८ टेराबाइट. त्यात दोन कर्मचाऱ्यांच्या संगणकांचे बॅकअप, टीम्सवरचे ३० हजारांहून अधिक आतले मेसेज. ती लिंक २०२०पासून तिथं होती, आणि तिला मुदत नव्हती असंही नाही. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये ती संपली, तेव्हा कुणीतरी बसून ती वाढवली. थेट २०५१पर्यंत. मला त्या माणसाचा चेहरा बघायला फार आवडेल. त्याला निष्काळजी म्हणवत नाही. मुदत संपल्यामुळे कुणाचा तरी फोन आला असणार, आणि पुन्हा तो फोन नको असं त्याला वाटलं असणार. आमचे पर्चेसचे साहेब तिथं असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

वार्षिक रिव्ह्यूवरचा माझा विश्वास आता जवळपास उडालाय. तो करावा लागतो, ऑडिटला दाखवावा लागतो. एचआरच्या साइटवर पगाराच्या फाईली बाहेरच्या पेरोलवाल्यांना दिसत होत्या, तिथं २०२३च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यातला २५० कोटींपर्यंतच्या दंडाचा आकडा स्लाइडवर टाकल्यावर एचआरनं त्याच दिवशी यादी साफ केली. तेवढ्यापुरता उपयोग झाला. पण एरवी वर्षाच्या शेवटी, सगळे दमलेले असताना, ज्याला माहीत नाही त्याला विचारायचं आणि त्यानं ओके म्हणायचं, यातून कुणी बाहेर जात नाही. शेअर करतानाच मुदत घालावी, हे मला वडिलांच्या दप्तरावरून पटलंय. शेअरपॉइंटमध्ये ती सोय आहे. मुदत संपत आली की साइटच्या मालकाला कळतं, हवी तर त्यानं वाढवावी. म्हणजे आत ठेवायचं तर काहीतरी करावं लागेल, आणि काही केलं नाही तर माणूस आपोआप बाहेर. साहेबांना वाईटपणाही नाही. दोष कॅलेंडरचा.

हे मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘जास्तीत जास्त किती दिवस घालता येतात?’ ‘७३०.’ ‘मग ७३० घाला.’ मी ९० म्हणाले. ते म्हणाले, डाय तयार व्हायलाच कधीकधी चार महिने जातात, आणि तेही खोटं नव्हतं. सध्या आम्ही १८०वर अडलोय. शिवाय ही मुदत नव्यांनाच लागते. ती चालू करण्याआधी जे आत बसलेत त्यांना ती शिवतही नाही, आणि आमची खरी अडचण तर तेच. म्हणून जुन्या यादीतले जीमेलवाले हातानंच निवडायचे ठरलं. मी आणि पर्चेसमधला एक ज्युनिअर रोज दुपारी थोडे फोन लावतो. आधीच सांगून टाकतो, ऑर्डरशी याचा काही संबंध नाही. तरी काल तळवड्याच्या एका प्लेटिंगवाल्या काकांचा आवाज एकदम बारीक झाला. ‘ताई, आमचं काही चुकलं का?’ नाही हो काका, जुनी नावं साफ करतोय, तुमच्याकडे कोण कोण वापरतं एवढंच सांगा. मग त्यांच्या जिवात जीव आला. ‘असं होय. मग माझं काढा, मुलाचं ठेवा. मला कुठं उघडता येतंय ते.’ मी म्हटलं, काका, यादीत एकच नाव आहे, दोघांचं मिळून. फोनवर जरा विचार झाला. ‘मग बिल पास होईपर्यंत तसंच राहू द्या,’ ते म्हणाले, ‘नंतर काढा.’ बिल कुठं अडलंय ते विचारलं, तर पर्चेसमध्येच.